तुकडा कोणाचा? काजू युनिटमध्ये पुन्हा पुन्हा पेटणाऱ्या भांडणाचं निवारण

समस्या

बी फोडणाऱ्या कटिंगच्या टेबलावरच्या आणि गराची साल काढणाऱ्या पिलिंगच्या हॉलमधल्या बायकांची तुकड्यावरून, म्हणजे मोडलेल्या काजूगरावरून, जुंपते. सुपरवायझर मध्ये पडतो, समजूत काढतो, थोडे दिवस बरे जातात आणि परत तेच. पाऊस लागला की जास्तच. हळूहळू दोन तट पडतात, दुपारचे डबे वेगवेगळ्या कोपऱ्यांत उघडतात आणि ऐन ऑर्डरच्या वेळी चांगल्या हाताची बाई "मी येवचंय नाय" म्हणून घरी बसते.

सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ले या पट्ट्यातल्या लहान युनिटांत हे गाऱ्हाणं सतत कानावर येतं. मालकाला कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "बायका एकत्र आल्या म्हणजे भांडणारच." या उत्तराने काहीच सुटत नाही, आणि ते खरंही नाही. लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्ट बदलताना पुरुष ऑपरेटरही "मागच्यांनी अर्धवट ठेवलं" म्हणून एकमेकांच्या नावाने खडे फोडतात. तारकर्लीच्या रिसॉर्टमध्ये किचन आणि वेटर सुरमई संपल्यावरून तापतात. बाई-पुरुषाचा यात काही संबंध नाही. एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं त्या सांध्यावर हे भांडण होतं.

आधी कोणाला बोलवू नका, मागचं आठवा

भांडणाऱ्या दोघींना केबिनमध्ये बोलावण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. मागच्या-त्याच्या मागच्या हंगामात या टेबलांवर दुसऱ्या बायका होत्या, तेव्हाही हाच वाद होत होता का? होत असेल तर दोष जागेत आहे, माणसात नाही. उलट, याच दोघींना वेगळ्या कामावर टाकलं, ग्रेडिंगला किंवा पॅकिंगला, आणि तिथेही त्या एकमेकींकडे बघत नाहीत, तर मामला कारखान्याबाहेरचा आहे. तो गावातून टेम्पोत बसून आलाय.

ही तपासणी याच क्रमाने करायची. आपण नेमकं उलट करतो. आधी स्वभाव बघतो, "ती तोंडाने फटकळच आहे" असा निकाल लावतो आणि कामाची मांडणी तपासायची राहूनच जाते. फटकळ बाई सगळीकडे फटकळ असते. मग ती तुकड्यावरूनच का भांडते, डब्यावरून का नाही, हे विचारायला हवं.

कामाच्या ठिकाणच्या वादांवर संशोधन करणाऱ्या कॅरन जेन यांनी १९९५ मध्ये कामाविषयीचे मतभेद आणि माणसामाणसांतली तेढ असे दोन प्रकार वेगळे मांडले. पुढे त्यांनी तिसरा जोडला: कोणी काय करायचं, जबाबदारी कोणाची, यावरचा वाद. आपला तुकड्याचा वाद या तिसऱ्यात बसतो. त्यांच्या १९९५ च्या अभ्यासातली एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. ज्या कामात रोज नवा विचार लागतो तिथे कामावरचे मतभेद कधी कधी फायद्याचे ठरतात, पण ठरावीक, रोज तेच असणाऱ्या कामात ते नुकसानच करतात. नंतर २००३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा फायद्याची बाजू आणखी कमजोर निघाली. काजूची साल काढणं हे रोजचं तेच काम. "थोडी भांडणं झाली की टीम तयार होते" असं कोणी ट्रेनिंगमध्ये ऐकून आला असेल तर ते पिलिंगच्या हॉलला लागू करू नये.

तुकडा नक्की कुठे पडतो ते मोजा

बाहेरच्यांसाठी थोडक्यात: बी वाफवतात, थंड करतात, फोडतात, आतला गर ड्रायरमध्ये वाळवतात, त्यावरची लाल साल काढतात, मग ग्रेड लावतात. पांढऱ्या अख्ख्या गराचे ग्रेड डब्ल्यू १८०, २१०, २४०, ३२० असे. आकडा म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त किती गर बसतात तो, म्हणून आकडा लहान तेवढा गर मोठा आणि भाव चढा. पाकळीला, म्हणजे उभ्या दोन भागांत सुटलेल्या गराला, त्याहून कमी, बारीक तुकड्यांच्या कणीला अजून कमी. मोडलेला प्रत्येक गर म्हणजे गेलेले पैसे. मजुरी किलोवर असेल आणि तुकड्याची कापणी मजुरीतून होत असेल, तर तो तुकडा कोणाच्या तरी घरच्या बाजारहाटातून वजा होतो. मग आवाज चढणारच.

"आमी दिल्ले ते अख्खेच होते."
"मगे काय आमी दातान फोडले?"

हा संवाद ज्याने ऐकलाय त्याला पुढचं सांगायला नको. यात दोघीही खरं बोलत असतात, कारण दोघींच्या मध्ये एक तिसरा आहे ज्याला कोणी बोल लावत नाही: ड्रायर.

करायचं एवढंच. कटिंगच्या टेबलावरून माल निघतो तिथे एक किलो बाजूला काढा, मोडलेला निवडून वजन करा. तोच प्रकार ड्रायरमधून ट्रे बाहेर आल्यावर. तोच पिलिंग झाल्यावर. तिन्ही ठिकाणचे आकडे एका वहीत, तारीख आणि त्या दिवशी पाऊस होता की ऊन, याच्यासकट. निवडायला दोन्ही विभागांतली एक-एक बाई बसवा, सुपरवायझर एकटा नको. त्याने एकट्याने मोजलं तर उद्या "साहेबान तिच्या बाजूचा लिवल्यान" हे नवीन भांडण तयार.

आकडे कुठे वाढतात त्यावर पुढचं अवलंबून.

कटिंगवरच जास्त मोड येत असेल तर आधी बी बघा. लहान-मोठी बी न निवडता एकाच पात्याखाली येते का? एका आकाराला बसवलेलं पातं दुसऱ्या आकाराच्या बीला नीट बसत नाही आणि गर मोडतो. वाफ कमी पडली तरी टरफल नीट सुटत नाही, आणि वाफवलेली बी पुरती थंड होण्याआधी फोडायला घेतली तर गर मऊ असतो, चिरतो. सकाळी लवकर ऑर्डर काढायची म्हणून काल संध्याकाळी उशिरा वाफवलेली बी टेबलावर आली, तर तुकड्याचा दोष ती फोडणारीचा नाही, घाई करणाऱ्याचा आहे. पूर्ण हंगाम सोडून इतर वेळी आफ्रिकेची आयात बी चालवत असाल तर हे आणखी बारकाईने बघावं लागतं, कारण तिचा आकार आणि जाडी आपल्या वेंगुर्ल्याच्या बीपेक्षा वेगळी, आणि पात्याचं सेटिंग मात्र जुनंच राहिलेलं असतं.

ड्रायरनंतर वाढत असेल तर उष्णता आणि ट्रे. साधारण ७० अंशांच्या आसपास सहा-आठ तास, हे सगळ्यांना पाठ असतं. पण वरच्या ट्रेला आणि खालच्या ट्रेला सारखी उष्णता लागत नाही, मधे ट्रे फिरवावे लागतात. रात्रपाळीचा पोरगा झोपला की फिरवायचे राहतात. अतिवाळलेला गर हात लावला की फुटतो, आणि तो फुटतो पिलिंगवालीच्या हातात. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. कटिंगवाल्या समोरच बसलेल्या. यापेक्षा सोपा आरोपी कोण मिळणार?

पावसाळ्यात उलटं होतं. ड्रायरमधून काढलेला गर रात्रभर उघडा राहिला की हवेतला दमटपणा ओढून घेतो, साल चिकटते, सुरीने खरवडावी लागते, त्यात ओरखडे पडतात आणि मोडही वाढते. वेगही कमी होतो, म्हणजे किलोही कमी, मजुरीही कमी. जून ते सप्टेंबर भांडण का वाढतं याचं उत्तर बहुतेक युनिटांत इथे सापडतं. ट्रे झाकून ठेवणं, वाळवलेला माल त्याच दिवशी पिलिंगला देणं, दमट दिवसांत एका वेळी कमी माल बाहेर काढणं, हे त्यावरचे उपाय. समजूत घालण्यात तास घालवण्याआधी हे करून बघा.

पिलिंगवरच मोड येते असं तीन-चार वेळच्या मोजणीत दिसलं तर मात्र हात बघा. नवी बाई असेल तर तिला जुन्या बाईजवळ बसवा. यातही एक पथ्य: जुनीला शिकवण्याच्या वेळेचे पैसे द्या. ती किलोवर कमावते. फुकट शिकवायला लावलं की ती शिकवत नाही, आणि नवी बाई तिच्या नावाने बोलू लागते.

मजुरीची कापणी

हा भाग मालकांना आवडत नाही, तरी लिहितो. तुकडा कुठे पडला हे सिद्ध करता येत नसताना तो एका विभागाच्या मजुरीतून कापणं हेच भांडणाचं बी आहे. मोजणी होईपर्यंत कापणी थांबवा. नंतरही ठेवायची असेल तर प्रत्येक विभागाच्या स्वतःच्या मोजमापावर ठेवा, आणि ते मोजमाप माल हातातून जाताना झालेलं असावं, शेवटी ग्रेडिंगला नव्हे. मला विचाराल तर कापण्यापेक्षा अख्ख्या गरावर थोडा वाढीव दर बरा. हिशेब जवळपास तोच राहतो, पण कोणी कोणाकडे संशयाने बघत नाही.

भांडण मुरलं की टीममध्ये काय होतं

आरडाओरडा हे लक्षण लवकर दिसतं म्हणून आपण त्यालाच आजार समजतो. खरं नुकसान ओरडा थांबल्यावर होतं. बायका गप्प होतात आणि तुकडा लपू लागतो. थोडा कणीच्या डब्यात तळाला, थोडा टरफलात, थोडा साडीच्या ओच्यात. ग्रेडिंगला आकडा सुधारलेला दिसतो आणि सुपरवायझर खूश. महिन्याच्या शेवटी किती बी आली आणि किती गर निघाला याचा मेळ बसत नाही, तेव्हा कळतं.

एमी एडमंडसन यांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषध देण्यातल्या चुका तपासल्या होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील असं त्यांना वाटलं होतं. नोंदींत उलटं दिसलं, चांगल्या टीमच्या चुका जास्त. कारण तिथल्या नर्स चूक झाली की सांगत होत्या, बाकीच्या ठिकाणी झाकत होत्या. म्हणून भांडण मिटवल्यावर पहिल्या आठवड्यात तुकड्याचा आकडा वाढला तर घाबरू नका. लपलेला माल वर येतोय.

दुसरं नुकसान सांध्यावरच्या माहितीचं. एरवी कटिंगवाली ओरडून सांगते, "आजची बी ओली आसा, सांभाळून घेवा." तट पडले की हे वाक्य बंद होतं. तेवढ्या एका वाक्याअभावी पूर्ण दिवसाचा माल खराब होऊ शकतो, आणि त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

रजेचं भांडण

तुकडा मिटला तरी एक वाद दरवर्षी उगवतो तो सुट्टीचा. गणपतीला सगळ्यांना घरी जायचंच असतं आणि त्यात वाद घालण्यात अर्थ नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवसापासून दीड दिवसाचं विसर्जन होईपर्यंत युनिट सरळ बंद ठेवा. पुढे मात्र गुंता दिसतो तेवढा नसतो, कारण प्रत्येक घरचे गणपती किती दिवसांचे हे वेगळं: कोणाकडे दीड, कोणाकडे पाच, सात, अकरा, काहींकडे एकवीस. जुलैमध्येच प्रत्येकीला विचारून कागदावर लिहा. दीड दिवसवाली लवकर परत येऊ शकते, अकरा दिवसवाली नाही. हा कागद भिंतीवर लागला की "तिका मेळता आणि माका नाय" हे बंद होतं.

शिमग्याला पालखी कोणत्या वाडीत कधी येणार ते गावागावांत वेगळं, तेव्हा तोच कागद तिथेही चालतो. आणि फेब्रुवारी-मार्चकडे येणारी आंगणेवाडीची जत्रा? तिची तारीख पंचांगावर नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. वर्षाच्या सुरुवातीला रजेचा तक्ता छापून "आता बदल नाही" म्हणणारा मॅनेजर मालवण-मसुऱ्याकडच्या बायकांशी हमखास भांडतो. एक कोरी सुट्टी हातची राखून ठेवा आणि तारीख जाहीर झाली की ती वापरा. हा हंगामही बी खरेदीचा असतो, म्हणून ट्रकच्या तारखा तेवढ्या मागेपुढे ठेवाव्या लागतात.

मामला गावचा असेल तर

आपल्याकडे नवी बाई कामाला येते ती कोणाच्या तरी ओळखीने. नणंद आणते, जाऊ आणते, शेजारीण आणते. त्यामुळे सामाईक सातबारा, माडाच्या हद्दी, देवळातला मान, विहिरीची वाट, हे सगळं टेम्पोतून युनिटमध्ये येतं. ते तुम्हाला सोडवता येणार नाही आणि सोडवायला जाऊही नये. सुपरवायझर जर त्याच गावचा असेल तर तो कितीही निष्पक्ष बोलला तरी एका बाजूचाच धरला जातो.

करता येतं ते एवढंच: त्या दोघींच्या कामाचा सांधा वेगळा ठेवा. एकीचा माल थेट दुसरीच्या हातात जाणार नाही अशी जागा द्या. टेम्पोतली जागा मात्र तुमच्या हातात नाही, त्यांच्या त्या ठरवतील.

बोलायचं असेल तर एकेकीशी, वेगवेगळं, आणि मालकीणबाई शेजारी बसलेल्या नकोत. वयाने मोठी असेल तर काकी, बरोबरीची असेल तर वहिनी किंवा ताई, आणि सुरुवात कामापासून. "काकी, काल दुपारचा माल तुमच्याकडे आला तो कसा होता?" हा प्रश्न चालतो. "तुमचं आणि तिचं काय चाललंय?" हा चालत नाही, त्याला उत्तर "काय नाय" हेच मिळतं, आणि त्या "काय नाय"नंतर तुमच्याशीही बोलणं बंद.

कोणी देवाकडे गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला असं कानावर आलं तर हसण्यावारी नेऊ नका. तुमचा विश्वास असो-नसो, त्या बाईला कारखान्यात न्याय मिळाला नाही असं वाटतंय, एवढा त्याचा अर्थ तुमच्यासाठी पुरेसा आहे. समोरचीही त्या दिवसापासून धास्तावलेली असते आणि घरात कोणी आजारी पडलं तरी त्याचा संबंध तिकडेच लावला जातो. मोजणीची वही अशा वेळी दोघींसमोर उघडी ठेवलेली बरी.

जे उपाय फसतात

सहल. सगळ्यांना बसमध्ये घालून कुणकेश्वर दाखवून आणलं, जेवण घातलं, म्हणजे मनं जुळतील ही समजूत जुनी आहे. मुझफर शेरीफ यांनी १९५४ मध्ये ओक्लाहोमातल्या एका शिबिरात मुलांचे दोन गट पाडून त्यांच्यात चुरस लावली होती. मग त्यांना नुसतं एकत्र जेवायला बसवलं, तर त्यांनी एकमेकांवर अन्न फेकलं. शिबिराचं पाणी बंद पडलं आणि बिघाड शोधायला दोन्ही गट लागले, अशी एकत्र कामं होत गेली तेव्हा तेढ उतरली. आपल्याकडे मोजणीला दोन्ही विभागांच्या बायका एकत्र बसवायच्या त्या यासाठीच. सहल न्या, पण वाद मिटल्यावर.

सगळ्यांसमोर माफी. यात मागणारीचा मान जातो आणि घेणारीलाही अवघडल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी कामावर दोघी येतीलच याची खात्री नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवर मोडलेल्या मालाचा फोटो टाकून "हे कोणाचं?" विचारणं. तो फोटो रात्रीपर्यंत वाडीतल्या प्रत्येक घरात पोचतो, नवरे त्यात पडतात, आणि दोन टेबलांतला वाद दोन घरांत जातो. ग्रुप फक्त सुट्टी आणि गाडीच्या वेळेसाठी ठेवा.

जे भांडण नाही ते भांडण म्हणून मिटवू नका

जातीवरून बोलणं, आणि बाईला लैंगिक त्रास, या दोन गोष्टी वर लिहिलेल्या कशातच बसत नाहीत. इथे "दोघांनी थोडं थोडं घ्या" हा सल्ला देणारा सुपरवायझर स्वतःच अडचणीत येतो. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाचा जातीवरून चारचौघांत अपमान हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा आहे, युनिटचा अंतर्गत प्रश्न नाही.

लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती हवीच; तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, निम्म्या तरी सदस्य बायका आणि एक सदस्य बाहेरचा. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. समेट होऊ शकतो तो फक्त त्या बाईने स्वतः मागितला तर, आणि पैशांची देवाणघेवाण हा त्याचा पाया असू शकत नाही. तिला लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून द्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे, म्हणून "लेखी दे मग बघू" म्हणून तिला परत पाठवू नका.